प्रॉम्प्टरची जनसुनावणी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंच सगळा पांढरा दिसतो. डावीकडे इस्त्रीचं लांबलचक टेबल, त्यावर जुन्या कांबळ्याची चौपदरी घडी, जागोजाग करपलेली. मागे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार दोऱ्या आणि त्यांवर हॉटेलांच्या चादरी. उजवीकडे खिडकी, खिडकीत तळं. वेळ सकाळची. मधोमध दोन माणसं एकाच चादरीची दोन टोकं धरून उभी आहेत. एक बाई, अडुसष्ट वर्षांची, दंड पैलवानाचे आणि नजर मुख्याध्यापिकेची. दुसरा तिचा धाकटा भाऊ, सहासष्टचा, कमरेत वाकलेला आणि चेहऱ्यावर भाव असा, की आपण चादर धरलेली नसून साम्राज्य सांभाळलंय.

आपल्या गोष्टीचा नायक हाच. नायक म्हटलेलं त्याने ऐकलं असतं तर त्याने आधी मागे वळून बघितलं असतं, कुणाला म्हणताहेत म्हणून.

तो प्रॉम्प्टर होता. पस्तीस वर्षं विंगेत एका तीन पायांच्या स्टुलावर बसून त्याने दुसऱ्यांना त्यांचे शब्द दिले. नाटक मंडळीत त्याला सगळे ‘हळू’ म्हणत. कारण नट अडला की हा इतक्या जिव्हाळ्याने शब्द द्यायचा, की तो तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायचा, आणि नट दातांतल्या दातांत म्हणायचा, “हळू! हळू!” मंडळी बंद पडली, नट पांगले, स्टूल भंगारात गेलं आणि हळू आपली वळकटी घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. त्याला आता नऊ वर्षं झाली. तळ्याच्या काठी बहिणीचे धुण्याचे पाच दगडी कट्टे, पाच बायका हाताखाली आणि मागे ही इस्त्रीची खोली. बायका त्याला हळूमामा म्हणू लागल्या. ताईने त्याला कामही दिलं. चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, त्यातला तो दुसरा माणूस.

“ताण,” ताई म्हणायची.

तो ताणायचा.

“तिरकं नको.”

तो सरळ करायचा. नऊ वर्षांत त्याची प्रगती इतकीच, की आता ती ‘तिरकं नको’ दिवसातून दहाच वेळा म्हणायची.

तर अशा एका सकाळी चादरी बाजूला सारत एक तरुण बाई आत आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत नकाशांच्या सुरळ्या. नगरपालिकेच्या नियोजन खात्यातल्या. तळ्याची योजना त्यांच्याकडे होती. गाळ काढायचा, काठाने झाडं लावायची, पाखरं परत आणायची आणि त्याच वेळी लोकांना रोजगारही द्यायचा. रोपवाटिका, बोटी, पाखरं दाखवणारे वाटाडे, साठेक जणांना काम. योजना खरोखर चांगली होती. अडचण एकच होती. वरच्या समितीची अट होती की लोकांनी सुनावणीत येऊन स्वतःच्या शब्दांत आपलं म्हणणं मांडायला हवं. आणि बाईंनी घेतलेल्या पहिल्या दोन सभांना मिळून तीन माणसं आली होती. त्यांतले एक पंख्याखाली झोपायला आले होते.

“लोक बोलतच नाहीत हो,” बाई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली. चौकटीत वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण होतं. “अय्या, तुम्ही नट होतात?”

या कात्रणाची हकिकत सांगायलाच हवी. मंडळीतला पहारेकरी एकदा तापाने आडवा झाला आणि ऐन वेळी हळूच्या अंगात अंगरखा चढवला गेला. वाक्य एकच होतं: ‘सरकार, बाहेर कुणीतरी आलंय.’ सगळं नाटक ज्याला उलटंसुलटं पाठ, तो दिव्यांच्या झोतात गेला, तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. त्याने आशेने विंगेकडे पाहिलं. तिथे त्याचं स्वतःचं रिकामं स्टूल होतं आणि त्यावर उघडी वही. अख्ख्या नाट्यगृहात ज्याला प्रॉम्प्टर नाही असा माणूस एकच, तो म्हणजे प्रॉम्प्टर. शेवटी थोरल्या नटांनी, देव त्यांचं भलं करो, सांभाळून घेतलं. “काय म्हणतोस? बाहेर कुणी आलंय?” हळूने मान हलवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, ‘पहारेकऱ्याचा मूकाभिनय लक्षवेधी.’

आता बाईंना तो हे सगळं सांगू शकला असता. सांगायला हवंच होतं. पण सहासष्टाव्या वर्षी एका शिकल्यासवरलेल्या बाईने डोळे मोठे करून ‘तुम्ही नट होतात?’ असं विचारलं, तर माणसाची मान आपोआपच तिरकी होते आणि ओठांवर एक विनयशील हसू येतं.

“होतो थोडाफार रंगभूमीवर,” तो म्हणाला.

चादरीच्या दुसऱ्या टोकाला ताई खोकली. पण काही बोलली नाही. तिला वाटलं, रिकामटेकडा आहे, चार माणसांत जाईल.

अशा रीतीने हळू लोकसहभागाच्या कामाला लागला. आणि खोटं कशाला बोला, सुरुवात त्याने झकास केली. बोटवाला, चहाच्या टपरीवाला, निवृत्त शिक्षिका, सायकल दुरुस्तीवाला, एकेकाच्या दारात तो जाऊन बसला. सभेत उभं राहिलं की माणसाच्या तोंडाला कोरड का पडते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? “घाबरू नका,” तो म्हणायचा, “मी बाजूच्या दारात उभा आहे.” तिसऱ्या सभेला चाळीस माणसं आली. चौथ्या सभेला खुर्च्या पुरल्या नाहीत.

पण मग लोक बोलायला उभे राहिले, आणि तिथेच घोटाळा झाला.

बोटवाला म्हणाला, “आता तळ्याचं म्हणाल तर...” आणि थांबला.

पस्तीस वर्षांची सवय. माणूस थांबला की हळूच्या छातीत धस्स होई आणि तोंड आपोआप उघडे. बाजूच्या दारातून कुजबुज आली, “...निसर्ग आणि पोट एकाच ताटात जेवायला हवेत.”

बोटवाल्याने कृतज्ञतेने ते वाक्य उचललं आणि खणखणीत म्हटलं. टाळ्या पडल्या. बाईंनी टिपून घेतलं. टपरीवाला अडला, त्यालाही वाक्य मिळालं. शिक्षिकाबाई अडल्या नव्हत्या, नुसत्या चष्मा पुसत होत्या, तरी त्यांना दोन वाक्यं मिळाली. प्रत्येक सभेनंतर हळू घरी यायचा तो तरंगतच. आयुष्यभर तो दुसऱ्याने लिहिलेलं पुरवत आला होता. आता लेखकही तोच, दिग्दर्शकही तोच, आणि नट चाळीस!

पाचव्या सभेला ताईच्या हाताखालची पिना उभी राहिली. चादरी वाळत घालताना तिच्या तोंडात कायम कपड्यांचे चिमटे, म्हणून तिचं नाव पिना. ताई त्या दिवशी इस्त्रीत अडकली होती.

“आम्ही कट्ट्यावर धुतो,” पिना म्हणाली. “आमचं काम...” आणि ती थांबली.

हळूने सभागृहावर नजर टाकली. सगळे पिनाकडे बघत होते. त्याला वाटलं, नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी असाच एक क्षण येतो. इथे कुणीतरी त्याग करायलाच हवा. त्यागाला टाळी पडली नाही असं त्याने पस्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

“...तळ्यासाठी आम्ही दुसरीकडे हलवायलाही तयार आहोत,” दारातून कुजबुज आली.

पिना बिचारी ते बोलून गेली. टाळ्या इतक्या पडल्या की ती लाजून खालीच बसली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हळूच्याही आलं.

पंधरा दिवसांनी ताईच्या हातात नगरपालिकेचा कागद आला. अहवालाची प्रत. तिने तो इस्त्रीच्या टेबलावर ठेवून दोनदा वाचला, मग दोरीवरची एक चादर काढली, एक टोक भावाच्या हातात दिलं आणि म्हणाली, “ताण.”

त्याने ताणलं.

“कट्टे उचलून शहराबाहेर नेणार आहेत. पलीकडच्या टेकडीमागे. तिथे जायला दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. हॉटेलवाले तिथवर चादरी पाठवतील?”

“नाही पाठवणार बहुतेक.”

“म्हणजे आम्ही सहाजणी घरी. ‘कट्टेवाल्या महिलांनी स्वतःहून तयारी दर्शवली’, असं लिहिलंय. कोण बोललं हे?”

“पिना बोलली.”

“पिनाला घरी भाजी कुठली करायची हे ठरवायला अर्धा दिवस लागतो. ती हे बोलली?”

हळूने चादरीकडे पाहिलं. चादर सरळच होती. बोलण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

“तू शब्द दिलास,” ताई म्हणाली.

“ती थांबली होती गं.”

“अरे, ती विचार करत होती!”

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याची त्याला सवय होती. तिने आपलं टोक त्याच्या हातात आणून दिलं, घडी पुरी केली आणि म्हणाली, “माणूस थांबला म्हणजे विसरलाच, असं कुणी सांगितलं तुला? तुमच्या नाटकात असेल तसं. तिथे सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.”

तो दिवसभर खिडकीशी बसून राहिला. महिनाभरात आपण किती वाक्यं वाटली ते त्याने आठवून पाहिलं, तर शंभराच्या वर भरली. मग किती प्रश्न विचारले ते आठवून पाहिलं. एक आठवला. ‘मी बरा बोललो ना?’

संध्याकाळी तो बाईंच्या कचेरीत गेला आणि चाचरत म्हणाला की ते पिनाचं वाक्य काढून टाका. बाई म्हणाल्या, “काका, आता अहवाल गेला. परवा समिती येतेय. बदलायचं असेल तर कट्ट्यावरच्या बायकांनी स्वतः उभं राहून समितीला सांगावं.” का काढायचं, ते काही त्याच्या तोंडून फुटलं नाही. नटाचा अंगरखा एकदा चढला की निघता निघत नाही.

घरी येऊन तो ताईला म्हणाला, “तू बोल परवा. मी तुला असं भाषण लिहून देतो, की समिती—”

“तू तोंड उघडायचं नाहीस.”

“पण अडलीस तर?”

“अडेन. माझी मी अडेन.”

सुनावणीच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. समोर टेबलामागे समितीचे तिघे. मधले अध्यक्ष, जाड भिंगांचे, सावकाश बोलणारे. हळू बाजूच्या दारात उभा होता. एक हात खिशात, दुसऱ्या हाताने रुमाल तोंडाशी, जणू काही पडसं झालंय.

त्याचे नट एकेक करून उठले. पाठांतर चोख. बोटवाला म्हणाला, निसर्ग आणि पोट एकाच ताटात जेवायला हवेत. टपरीवालाही म्हणाला, एकाच ताटात. सायकलवाल्यानेही तेच ताट पुढे केलं. चौथ्यांदा ताट आलं तेव्हा अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

“हे वाक्य तुमच्याकडे फार वापरतात का?”

सभागृहात खसखस पिकली. बाईंचा चेहरा लाल झाला. हळूला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण सभागृहाला नुकत्याच नव्या फरश्या बसवलेल्या होत्या.

मग ताई उठली.

“कट्टे माझे आहेत,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं झाली. आम्ही हलायला तयार आहोत असं जे लिहिलंय, ते तसं नाही.” आणि ती थांबली.

नाटकात तीन सेकंदांचा थांबा म्हणजे अभिनय. पाच सेकंदांचा म्हणजे घोटाळा. आठाला पडदेवाला दोरीला हात घालतो. ताईचा थांबा आठावर संपला नाही. नऊ, दहा. हळूच्या जिभेवर तीन वेगवेगळी वाक्यं येऊन उभी राहिली, तिन्ही उत्तम, एकात तर यमकही होतं. त्याने रुमाल दातांत धरला. पुढच्या रांगेतली पिना वळून त्याच्याकडे बघू लागली. बोटवाला बघू लागला. सगळी मंडळी त्याच्याकडे बघू लागली, की हा देत का नाही? त्याने डोळे मिटून घेतले. अकरा, बारा.

“तळं आम्ही घाण करतो,” ताई म्हणाली. “साबणाचा फेस मला दिसतो, कुणी सांगायला नको. पण तो कुठवर जातो तेही मला दिसतं. कट्ट्यांच्या पुढे पाणकणसं आहेत ना, ते भुऱ्या कणसांचं उंच गवत, बेटासारखं वाढलेलं. फेस त्यांच्यात शिरतो आणि पलीकडे निघत नाही. पांढऱ्या चादरी शेवटच्या पाण्यात खळबळायला आम्ही त्या बेटाच्या पलीकडचं पाणी बादलीने आणतो. चाळीस वर्षं. चादर पिवळी पडली असं एक हॉटेल म्हणालं नाही.”

ती परत थांबली. या वेळी कुणी दाराकडे बघितलं नाही.

“तुमच्या नकाशात ते बेट उपटायचं लिहिलंय. बोटींना वाट पाहिजे म्हणून. ते उपटू नका, वाढवा. आमचं पाणी आधी एका हौदात साचू द्या, मग त्या कणसांतून सोडा. साबण आम्ही कमी वापरू. कणसं वरचेवर कापावी लागतात, नाहीतर कुजतात. ते कापायचं काम आमच्या बायका करतील. पाती चटयांना जातात. आणि पाखरं म्हणाल तर ती आत्ता फक्त तिथेच आहेत. पाणकोंबडीची दोन घरटी मी बघितलीत. तुमच्या नव्या झाडांवर ती यायची तेव्हा येतील.”

बाई पिशवीतून नकाशा काढून उलगडत होत्या. “अहो, पण हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“आधी विचारलं कुणी? आमच्या घरचाच माणूस विचारायला होता. त्याला सगळी उत्तरं येत होती.”

एवढा मोठा हशा हळूने कुठल्याही विनोदी नाटकात ऐकला नव्हता. तो दारातून पुढे आला. दिवे नव्हते, अंगरखा नव्हता, तरी घसा तसाच कोरडा पडला होता.

“साहेब,” तो म्हणाला, “कट्टे हलवायचं वाक्य पिनाचं नाही. माझं आहे. ताटाचं पण माझंच. मी नट नाही. प्रॉम्प्टर होतो. भिंतीवरचं ते कात्रण... ते जाऊ दे. बाईंना मी फसवलं, त्यांचा दोष नाही.”

अध्यक्षांनी अहवालाची चळत उचलली. “मग यातलं लोकांचं किती आणि तुमचं किती, हे आम्ही कसं ओळखायचं?”

“सोपं आहे, साहेब. जे अडखळत आलं ते त्यांचं. सुरळीत आलं ते माझं.”

अध्यक्षांनी पुष्कळ पानं उलटली. अडखळलेलं फार थोडं निघालं. त्यांनी सगळे कागद बाजूला सारले आणि सांगितलं, की सुनावणी पुन्हा पहिल्यापासून होईल, दाराला कडी लावून. राहता राहिला कट्ट्यांचा प्रश्न. उद्या सकाळी समिती तळ्यावर येईल. पाणी रीतसर तपासायलाही जाईल, पण आधी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बघू. कणसांच्या पलीकडचं पाणी ताई म्हणतात तसं असेल, तर कट्टे जागेवर राहतील आणि नकाशा बदलेल. नसेल, तर जो कागद निघाला आहे तो कायम.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या काठी अर्धी वस्ती लोटली. कट्ट्यांच्या पुढे पाण्यावर फेसाची पांढरी साय पसरलेली. ती बघून अध्यक्षांनी मान हलवली. त्या हलवण्याने पिनाच्या तोंडातला चिमटा गळून पडला. ताईने रोजच्यासारखी बादली उचलली, तर समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “बादलीत काय दिसणार? काचेत हवं.” पिना धावत जाऊन साबणाचा चुरा ठेवायची काचेची बरणी विसळून घेऊन आली.

“मी आणते,” पिना म्हणाली.

“नको,” अध्यक्ष म्हणाले. “कट्ट्यावरच्या कुणी नको. उद्या कुणी म्हणेल, ओळखीची जागा बघून भरलं.”

काठावर चुळबुळ झाली. चिखल गुडघाभर, कणसं पुरुषभर उंच, आणि आलेली मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत. ताईने भावाकडे पाहिलं.

“हा जाईल. नऊ वर्षं इथे राहतोय, पण तळ्यात एकदा पाय घातला नाही याने. ओळखीची जागा असायचा प्रश्नच नाही.”

हळूने बरणी छातीशी धरली. ताईकडे बघून काहीतरी म्हणणार होता, पण सुचलं नाही आणि सुचवणारं कुणी नव्हतं. तो पाण्यात उतरला. फेस पोटरीपर्यंत आला, मग गुडघ्यापर्यंत. कणसं बाजूला सारत तो आत शिरला आणि दिसेनासा झाला. वरची भुरी कणसं हलताना तेवढी दिसत होती, कुठे पोचला ते त्यावरून कळायचं. मग तीही हलायची थांबली.

पिनाने ताईचा हात धरला. अध्यक्षांनी भिंगं पुसून परत डोळ्यांवर चढवली. एक पाणकोंबडी कलकलाट करत बाहेर पडली आणि बोटीखाली जाऊन दडली. ताईचे ओठ हलत होते. ती मोजत होती की काय, कोण जाणे.

मग कणसांच्या पलीकडून, अगदी लांबून, पण काठावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असा हळूचा आवाज आला.

“ताई, बरणीतून माझी बोटं दिसतायत! पाचच्या पाच! नखंसुद्धा! बूट मात्र एकच उरलाय!”